न विचारता उचललेली चटई

मालोसीना, सवाईई बेट
३ मे

चि. इओसेफो यास ताईचे आशीर्वाद, उरलेत तेवढे. वि. वि.

आणखी एक धडा पाठवलास तर चुलीत घालीन, हे आधी लिहिते, बाकीचं मागून. तीन आले तेव्हा गप्प बसले. म्हटलं, भाऊ ऑकलंडच्या देवळात डीकन आहे, दर रविवारी स्तोत्रांचा वर्ग घेतो, त्याची हौस आहे, करू दे. काल फीलीपो दुकानदाराच्या जावयाने चौथा आणून दिला. वर छापलंय, ‘दुःखितांसाठी स्तोत्राभ्यास’. खाली प्रश्न, की या ओळीतून तुम्हांला कोणता दिलासा मिळाला, दोन वाक्यांत लिहा. अरे, दिलासा म्हणजे काय विणून झालेली टोपली आहे, की दोन्ही बाजू फिरवून दाखवू? मी शाळेत गेले ती दोन पावसाळे. दोन वाक्यं लिहायला माझी एक दुपार जाते. ही दुपार मी तुला शिव्या देण्यात घालवते आहे, तेवढा मान ठेव.

आणि ओळ कोणती निवडलीस? देव तुझा पाय घसरू देणार नाही, ती. निवडताना जरा डोकं चालवलं असतंस. माझ्या पोराचा, मलाकीचा, पाय घसरला नव्हता. तो रस्त्याच्या कडेने, खांद्यावर नारळांची कावड घेऊन, नीट चालला होता. दिवे नसलेला पिकअप घेऊन एनोसा मागून आला. पाय कुणाचा घसरला, सांग. तुझ्या वर्गातल्या बायकांना विचार आणि दोन वाक्यांत कळव.

इथे काय कमी आहे म्हणून तू तिकडून पाठवतोस? पाळकीणबाई दर गुरुवारी आम्हां बायकांना चटया विणायच्या घरात बसवते आणि केवड्याची पानं विणता विणता स्तोत्रं शिकवते. तिचा आवाज असा, की कोकोत चौथ्यांदा साखर घातलीय. एकेक ओळ म्हणते आणि डोळे मिटते. मग सगळ्या उसासे टाकतात. माझ्याकडे बघून टाकतात. मी काय प्रेत आहे का, की माझ्याभोवती बसून सुस्कारे सोडायचे? आणि पलीकडच्या खांबाला टेकून कोण बसतं माहीत आहे? सियेनी. एनोसाची आई. तिच्या शेजारी कुणी बसत नाही. ती मान खाली घालून वेडीवाकडी वीण घालते. ती दिसली की माझीही वीण सुटते, आणि पाळकीणबाई म्हणते की बहिणींनो, आता तेच स्तोत्र पुन्हा म्हणू या, शांतीचं.

आता मुद्द्यावर येते. तू तिकडून आलास, पोराचं तोंड बघितलंस, रात्री घरात प्रार्थना झाली. दुसऱ्या दिवशी अजून उजाडलं नव्हतं तर नदीपलीकडून एनोसाचा बाप आणि त्यांची सगळी माणसं येऊन आपल्या अंगणात बसली. म्हाताऱ्याने डोक्यावरून ती मोठी जुनी चटई पांघरली होती. रीत आहे, ते आले ते योग्य केलं. पण रीत अशीही आहे, की चटई उचलली तर माफी झाली आणि नाही उचलली तर माणूस उन्हात बसून राहतो, संध्याकाळपर्यंत, दुसऱ्या दिवसापर्यंत. मी आत केस बांधत होते. म्हटलं, भाऊ आता आत येईल, समोर बसेल, विचारील. केस बांधून बाहेर आले तर चटई उचललेली, घडी घातलेली, आणि तू म्हाताऱ्याला मिठी मारून रडत होतास.

कुळाच्या प्रमुखाचं नाव तुझ्याकडे आहे, मला कबूल. पण पोर कुणाच्या पोटचं होतं? बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, हे तूच प्रत्येक लग्नात उभा राहून सांगतोस. मग बाहुलीला न विचारता तू बघत कुठल्या डोळ्याने होतास?

धडे नकोत. एवढंच कळव, की कुणाला विचारून उचललीस. आत्या खोकते आहे पण मरत नाही. डुकरिणीला पिल्लं झाली. तुझ्या बायकोला, वाइओलाला, सांग, पाठवलेलं कापड चांगलं होतं, रंग मात्र सर्कशीचा.

लोभ ठेव म्हणणार नाही. जो आहे तो कुठे ठेवलास ते शोध.
ताई

ऑकलंड
१४ मे

ती. ताईस इओसेफोचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र आलं. वाइओलाने ते आधी वाचलं आणि चहा करून माझ्यासमोर ठेवला, तेव्हाच समजलो की आत काय असेल. इकडे थंडी सुरू झाली आहे. तिचे गुडघे धरले आहेत. सर्कशीच्या रंगाबद्दल ती म्हणते, की पुढच्या वेळी तुझ्या स्वभावाला शोभेल असा काळा पाठवीन.

ताई, तू विचारतेस म्हणून लिहितो. मी तुला विचारलं नाही, हे खरं आहे. पण तू सांगितलं आहेस अशी माझी समजूत होती, आणि अजून आहे. आदल्या रात्री प्रार्थनेचा शंख वाजला, सगळे बसलो, आणि स्तोत्र वाचायची पाळी तुझी होती. तू एकशे तिसावं वाचलंस. खोल पाण्यातून हाक मारणाऱ्या माणसाचं. देवा, तू जर प्रत्येकाचे अपराध लक्षात ठेवायला बसलास तर तुझ्यापुढे उभा कोण राहील, ही ओळ तू वाचलीस आणि थांबलीस. घरातली सगळी माणसं तुझ्याकडे बघत होती. मग तू हळू आवाजात पुढची ओळ वाचलीस, की पण तुझ्यापाशी क्षमा आहे. मुलाचं प्रेत घरात असताना एक आई असं वाचते, तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा, ताई? रात्रभर माझ्या मनात तोच आवाज होता. पहाटे ते लोक आले तेव्हा मला वाटलं, ताईचा शब्द झाला आहे, आता माझा हात राहिला. मी तुझाच निरोप पोचवला, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

आणखी एक तुला दिसलं नसेल. मागच्या स्वयंपाकघराच्या आडोशाला आपलीच पोरं उभी होती, झाडी तोडायचे कोयते घेऊन. मी अर्धा तास जरी थांबलो असतो तरी एका प्रेताची दोन झाली असती.

धड्यांबद्दल रागावू नकोस. ते मी तुला शिकवायला पाठवत नाही. मलाकी गेल्यापासून मला झोप लागत नाही. रात्री उठून मी ते लिहितो, आणि लिहून झालं की कुणाला तरी पाठवावं लागतं. लहानपणी तो माझ्या खांद्यावर बसून देवळात यायचा आणि माझे कान धरून मला वळवायचा. ते धडे लिहिताना मला अजून कानांना ओढ लागते. तुला उपयोग नसेल तर चुलीत घाल, पण आधी वाचून मग घाल.

गुरुवारचा वर्ग सोडू नकोस. तुझी वीण एखाद वेळी सुटली तर इतर बायकांना आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटेल.

कान उपटलेस तरी चालेल, पण जवळचा समज.
तुझा इओसेफो

मालोसीना
२ जून

चि. इओसेफो यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हसले. मलाकीनंतर पहिल्यांदा हसले, आणि ते तुझ्या अकलेला.

एकशे तिसावं मी वाचलं, कारण आदल्या दिवशी एकशे एकोणतिसावं झालं होतं. आजोबांच्या वेळेपासून आपल्या घरात स्तोत्रं ओळीने चालतात, एका संध्याकाळी एक, संपली की पुन्हा पहिल्यापासून. तुला हे माहीत नाही? त्याच घरात वाढलास ना, की थेट विमानातून उतरलास? त्या रात्री एकशे एकोणिसाव्याची पाळी असती तर काय केलं असतंस? ते सगळ्यांत लांबलचक. सकाळपर्यंत ऐकत बसला असतास आणि ते लोक येऊन, बसून, कंटाळून घरी गेले असते. आणि एकशे नवव्याची असती तर? त्यात तो माणूस शत्रूच्या पोराबाळांना भीक मागायला लावतो. मग तू काय कोयते वाटले असतेस?

आणि मी थांबले ते का, तेही ऐक. दिवा काजळला होता, मी बोट ठेवून वाचते, आणि पुढचा शब्द लांब होता. हळू आवाजात वाचलं, कारण दिवसभर रडून घसा बसला होता. यातून तू माफी काढलीस. तुझा वर्ग याच पद्धतीने चालतो का? मग त्या बायकांची मला कीव येते.

कोयत्यांचं मला माहीत नव्हतं. ते एक तू बरं केलंस. पण पोरांना दटावायला एक हात पुरला असता. चटई दुसऱ्या हाताने उचलायला कुणी सांगितलं होतं?

त्या रात्रीपासून घरात स्तोत्र झालं नव्हतं. पुस्तक मी चटयांच्या पेटीत टाकून वर बसत होते. आत्या नुसतं गाणं म्हणायची आणि प्रार्थना उरकायची. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी पुस्तक बाहेर काढलं आणि सांगितलं की आता रोज मीच वाचणार. एकशे एकतिसावं वाचलं. माझं मन दूध तोडलेल्या पोरासारखं आईपाशी शांत आहे म्हणतो. हे पुरुषानेच लिहिलंय, त्याने कधी दूध तोडलेलं नाही. पोर तीन रात्री किंचाळतं, चावतं, आणि मग शांत होतं ते दमून. एकशे तेहेतिसावं आलं, भावंडांनी एकत्र राहणं किती गोड. एक भावंड ऑकलंडला, एक इथे, गोडच गोड. मी थुंकले नाही, कारण आत्या बघत होती.

मग एकशे सदतिसावं आलं. त्या संध्याकाळी पाळकसाहेब आणि पाळकीणबाई आपल्याकडे प्रार्थनेला आले होते. मी तापल्या दगडांवर अळकुड्या आणि मासे भाजले होते, नारळाच्या दुधातली अळूची पानंही केली होती. कुणी म्हणायला नको, की फुआटीनोने पाहुण्यांना उपाशी ठेवलं. तुला माहीत आहे, त्या स्तोत्राचं शेपूट आपल्याकडे कधी वाचत नाहीत. नदीकाठी बसून रडणारे लोक झाले, झाडांना टांगलेली वाद्यं झाली, की थांबायचं. पाळकीणबाईने माझ्या गुडघ्याला हात लावून खुणावलं, की थांब. शेपूट कापलं म्हणून डुकराची शेळी होत नाही. मी शेवटपर्यंत वाचलं. तुझी पोरं उचलून खडकावर आपटील तो धन्य, तिथपर्यंत. दिवा स्वच्छ होता आणि एकाही शब्दावर मी थांबले नाही. मग आमेनच्या आधी मी सियेनीच्या पोराचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी अळकुडी हातात घेतली आणि खाली ठेवली.

आता माझं म्हणणं. एकशे तीस हा माझा शब्द धरलास ना? मग एकशे सदतीसही धर. दुकानात एक नाणं चालतं आणि दुसरं त्याच छापाचं चालत नाही, असं होत नाही. आणि मी पुढे जाणार नाही. त्या संध्याकाळपासून रोज तेच वाचते आहे. घरातले कंटाळलेत. कंटाळू देत.

हो, तुझ्या धड्यातला प्रश्न राहिला. कोणता दिलासा मिळाला, दोन वाक्यांत. त्या रात्री भूक लागली. जेवले.

लोभ मागू नकोस, पेटीत आहे, वर मी बसले आहे.
ताई

ऑकलंड
११ जून

ती. ताईस इओसेफोचा सलाम. वि. वि.

पत्र पोचायच्या आधीच पाळकसाहेबांचा फोन आला. ताई, हे तू काय करून बसलीस? आपल्याकडे बहिणीच्या तोंडून निघालेलं वाईट लागतं, हे मी तुला सांगायला हवं का? तुझा तळतळाट भावाच्या मुलांनासुद्धा लागतो म्हणतात, मग परक्याच्या मुलाची काय कथा. पाळकसाहेब म्हणाले की प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्याने असल्या गोष्टी मानू नयेत, पण म्हणताना ते स्वतः हसत नव्हते.

नदीपलीकडे काय चाललं आहे, तेही त्यांनी सांगितलं. एनोसा घराबाहेर पडत नाही. मासेमारीला जायला त्याच्या बरोबर कुणी होडीत बसत नाही. त्याचे चुलते म्हणतात, की चटई उचलली गेली तरी ती खरी उचललेली नव्हती, नाहीतर बहीण असं बोलती का. आता ते त्याला या महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या बोटीने पागोला, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात, कायमचा पाठवणार आहेत. शाप घरातून बाहेर जावा म्हणून. एकदा तो असा गेला तर परत येणार नाही, हे तुला मला दोघांनाही ठाऊक आहे.

ताई, मी तुझ्यापुढे हात जोडतो. एक साधा उपाय आहे. येत्या गुरुवारी वर्गात एवढंच सांग, की ते स्तोत्र तू वाचलंस, कारण त्या दिवशी त्याची पाळी होती. आपल्या घरात स्तोत्रं ओळीने चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक ऐकतील.

तू म्हणशील, की मग तू गावासमोर सांग की न विचारता उचलली. ते माझ्याच्याने होणार नाही. बहिणीच्या शब्दाशिवाय चटई उचलणाऱ्या प्रमुखाला पंचांच्या बैठकीत खांबाशी, प्रमुखांच्या मानाच्या जागी, बसायला मिळत नाही. वडिलांचं नाव मला खाली ठेवावं लागेल. ते माझ्यावर आणू नकोस.

रागावलेली का असेना, ताई माझीच राहा.
इओसेफो

मालोसीना
१९ जून

चि. इओसेफो यास. आशीर्वाद शेवटी, आधी वाच.

तुझा साधा उपाय मी केला नाही. एकशे तिसावं पाळी होती म्हणून वाचलं होतं. एकशे सदतिसावं मनापासून वाचलं. तू नेमकं उलट धरून बसला आहेस. खोटं बोलून पोराला वाचव म्हणतोस, तेही देवळातल्या वर्गात, डीकन असून. चुलीत घालायला तुझे धडे कमी पडले तर हे पत्र उपयोगी येईल.

आता गुरुवारचं ऐक. पाळकीणबाईने नेहमीप्रमाणे गोल फिरत विचारलं, की या आठवड्यात कोणाला कोणत्या स्तोत्राने आधार दिला. एकीला डोंगरांनी दिला, एकीला झाडाने. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, की माझं सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला. पुढे सियेनी होती. तिला कुणी विचारत नाही, पण त्या दिवशी पाळकीणबाईच्या तोंडून निघून गेलं. सियेनी खांबाला टेकलेली होती, ती नीट बसली. म्हणाली की ती रोज संध्याकाळी शंख झाला की एकशे सदतिसावं वाचते. शेवटपर्यंत. आणि आमेनच्या आधी आपल्या पोराचं नाव घेते. कारण फुआटीनोचा तो हक्क आहे, तिच्या घरी कुणी आमेन म्हणत नाही असं कानावर आलं, म्हणून आपल्या घरात कुणीतरी म्हणावं. पोराला समोर बसवून ती वाचते. पोर ऐकतं आणि आमेन म्हणतं.

पाळकीणबाईची साखर संपली. एक बाई विणता विणता थांबली, मग सगळ्याच थांबल्या.

अशी मूर्ख बाई मी जन्मात बघितली नाही. स्वतःच्या पोटच्या पोराला रोज खडकावर आपटते आणि वर आमेन म्हणायला लावते. आणि माझं स्तोत्र घेऊन. तिला दुसरं मिळालं नाही? दीडशे आहेत. मी तिथून उठले, विणलेलं तिथेच टाकलं आणि घरी आले. रस्ताभर तिला शिव्या देत आले. नदीच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला ती, एकाच शंखावर एकाच पोराला शाप देत होतो, आणि मला वाटत होतं की मी एकटीच देते आहे.

त्या संध्याकाळी पुस्तक उघडलं तर एकशे सदतिसावं तोंडात येईना. येईना म्हणजे काय, मला किळस आली. जणू कुणाच्या तोंडातला घास. मी पान उलटलं. घरातल्यांनी एकमेकांकडे बघितलं, मी कुणाकडे बघितलं नाही. एकशे अडतिसावं वाचलं, त्यात काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशी एकशे एकोणचाळिसावं.

हा एकशे एकोणचाळीसवाला माणूसही काही कमी नाही. सुरुवातीला देवाला म्हणतो, तू मला बसता उठता ओळखतोस, अंधारात लपलो तरी तुला अंधार नाही. ठीक. मग मध्येच भडकतो, की तुझे शत्रू ते माझे शत्रू, मी त्यांचा पुरता द्वेष करतो. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, आपलाच माणूस निघाला. आणि पुढच्याच ओळीत म्हणतो, की आता माझ्याही मनात बघ, तिथे काही वाकडं आहे का. शत्रूचं नाव अजून जिभेवर आहे आणि हा स्वतःची छाती उघडून उभा. मी तिथे थांबले. या वेळी शब्द लांब नव्हता.

हे दिलासा म्हणून तुझ्या धड्यात छापू नकोस. मला दिलासा मिळाला नाही. मलाकी मेला आहे तो मेलेलाच आहे. एवढंच कळलं, की मी देवाच्या दारात जाऊन जे ओतलं ते त्याने ठेवून घेतलं. मला रागावला नाही, वीज पाडली नाही. पाळकीणबाईपेक्षा त्याला जास्त ऐकवतं. पण रोज तेच भांडं घेऊन जायचं तर त्यात काहीतरी असायला हवं ना. भांडं रिकामं झालं होतं आणि मी नुसतं वाजवत होते. तिकडे ती बाई त्या आवाजावर पोराला मारत होती.

मी परवा नदीवर गेले. सियेनी केवड्याची पानं भिजवत होती. मी तिला सांगितलं, की तू अक्कल गहाण टाकली आहेस, वाचायचं बंद कर आणि पोराला पाठवू नकोस. ती म्हणाली की माझ्या सांगण्याने काही होणार नाही. बाईमाणसाचं नदीवरचं बोलणं तिचे दीर धरणार नाहीत. चटई एकदा उचलली ती टिकली नाही, आता कोणती उचलायची. मी चिडले, पण ते बरोबर आहे. मूर्ख बायका कधी कधी बरोबर असतात, तोच तर त्रास.

तेव्हा नीट ध्यान दे. तुझा हात आधी गेला, माझा शब्द नव्हता. म्हणून हात पोकळ ठरला. आता माझा शब्द एकटा गेला, तर शब्द पोकळ ठरेल. दोन्ही पाहिजेत, आणि ओळीने पाहिजेत. आधी तू विचारायचं, मग मी सांगायचं, मग तू उचलायचं. हे आपल्या आईच्या आईपासून असंच आहे, मी काढलेलं नाही.

मी पाळकसाहेबांना सांगून आले आहे. येत्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर एनोसाचा बाप, त्याचे भाऊ आणि आपले पंच येऊन बसतील. फोन आतून ओसरीवर ओढून आणता येतो, तार पुरते, मी बघितलं. आजपर्यंत मी त्या फोनवर बोलले नाही, कारण पाळकीणबाई दाराआड कान लावून बसते. आता बसू दे. मला साक्षीदार हवेच आहेत.

तू तिकडून फोन करायचा. हवापाणी नको, वाइओलाचे गुडघे नकोत, स्तोत्रातली ओळ तर नकोच. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, की त्या दिवशी मी ताईला विचारलं नव्हतं. आणि मग विचारायचं, ताई, चटई उचलू का. उचलायचीच ठरली तर तुझ्या नावाने पंच उचलतील.

पंच तुला खांबाशी बसवणार नाहीत म्हणतोस. मग जमिनीवर बस. जमीन वडिलांचीच आहे. नाव खाली ठेवावं लागलं तर ठेव, तुझे कान धरून तुला देवळाकडे वळवणारा गेला, आता मीच वळवते. तू फोन केला नाहीस तर सोमवारी पोर बोटीत बसेल, सियेनी तिकडे रोज वाचत राहील, आणि आपण दोघं म्हातारे होईपर्यंत एकमेकांना धडे पाठवत बसू.

मी काय उत्तर देणार ते इथे लिहीत नाही. एकदा तू न विचारता माझं उत्तर ऐकलंस, तेवढं पुरे झालं.

फीलीपोचा जावई उद्याच्या विमानाने हे घेऊन येतो आहे, म्हणजे पत्र मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही. आशीर्वाद आहेत. बाकीचा लोभ फोनवर.

शुक्रवारी, शंखाच्या आत, विचार.
फुआटीनो